पायलट व्हायला डिग्री लागते का? चौकशीला येणाऱ्या पालकांसाठी

आमच्या ग्राउंड क्लासला, म्हणजे पायलटच्या लेखी परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या क्लासला, चौकशीला येणारं कुटुंब बहुतेक वेळा तिघांचं असतं: आई, वडील, बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी. चौथी ती प्लॅस्टिकची फाइल, ज्यात केजीपासूनची सगळी सर्टिफिकेटं असतात. खुर्चीत टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न फीचा येईल असं वाटतं, पण येतो तो हा: "सर, आधी ग्रॅज्युएशन करून घेऊ दे का? निदान हाताशी डिग्री तरी राहील." जून-जुलैत हेच उत्तर दिवसाला चार-पाचदा देऊन घसा बसतो, म्हणून यंदा छापून ठेवलंय. घरी नेऊन निवांत वाचा, आजोबांनाही वाचायला द्या. डिग्रीचा आग्रह बहुतेक घरांत त्यांचाच असतो.

तर, भारतात एअरलाइनचा पायलट व्हायला डिग्रीची अट नाही. लायसन्स देतं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यांची शिक्षणाची अट फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बारावी पास, इथेच थांबते. कमर्शियल पायलट लायसन्सला वय १८ पूर्ण हवं. पुढे कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं. त्याला वय २१ आणि १५०० तासांचा अनुभव मागतात, पण पदवी तिथेही मागत नाहीत.

देशातलं पायलटचं पहिलं लायसन्स, नंबर १, जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालं. १५ ऑक्टोबर १९३२ला टपालाची पोती घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले आणि आपल्याकडची विमान कंपनी सुरू झाली. त्यांच्याकडेही डिग्री नव्हती. हे उदाहरण आम्ही जरा भीत भीतच देतो, कारण ते ऐकलं की पोरगं लगेच विजयी मुद्रेनं बापाकडे बघतं.

मग लागतं काय?

लागतात तास. एकूण २०० तासांचं फ्लाइंग. त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची सगळी जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेऊन. त्यात २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, आणि त्यातला एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. बाहेर न बघता नुसत्या उपकरणांच्या काट्यांच्या भरवशावर १० तास. रात्रीचे ५ तास, त्यात दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंग. याशिवाय नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर. पास व्हायला ७० टक्के. बारावीला ३५वर पास होण्याची सवय असलेल्यांना हा पहिला धक्का. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी.

"बारावीच्या गणितावर हे जमेल का?" असं विचारलंत तर आम्ही फळ्यावर एक उदाहरण घालतो. सरळ पूर्वेला जायचंय, विमानाचा वेग १०० नॉट (म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैल), आणि उत्तरेकडून २० नॉटचा वारा येतोय. नाक पूर्वेलाच धरून बसलात, तर तासाभरानं तुम्ही ठरवलेल्या जागेच्या २० नॉटिकल मैल दक्षिणेला असाल. म्हणून नाक थोडं वाऱ्याकडे वळवायचं. किती? ज्या कोनाचा साइन ०.२ आहे तितकं, म्हणजे साडेअकरा अंशांच्या आसपास. कंपासवर ०९० (म्हणजे पूर्व) ऐवजी ०७८ धरायचं. जमिनीवरचा वेग १०० ऐवजी ९८ मिळतो. झालं. नदी तिरकी पोहून जाणाऱ्याला हे कागदाशिवाय कळतं. पूर्वी आमच्याकडे एक इंजिनिअर झालेला मुलगा आणि नुकती बारावी झालेली मुलगी एकाच बाकावर बसायची. हे गणित मुलीनं आधी सोडवलं. तो कॅल्क्युलेटर शोधत होता.

"एव्हिएशन"ची डिग्री म्हणजे लायसन्स नव्हे

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलानं एका संस्थेतून नावात एव्हिएशन असलेली तीन वर्षांची डिग्री पुरी केलेली. फी चुकती, मार्क चांगले. वडिलांनी विचारलं, "आता लायसन्स कुठून घ्यायचं?" आम्ही म्हटलं, लॉगबुक दाखवा, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही. मुलानं आमच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. लॉगबुक नव्हतंच. तीन वर्षांत तो एकदाही कॉकपिटमध्ये बसून उडाला नव्हता. विमानतळाचं व्यवस्थापन, कार्गो, ग्राहकसेवा हे शिकला होता. आम्ही त्यांचे कागद शेवटपर्यंत वाचले. पायलट करू असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. माहितीपत्रकावर विमानाचा फोटो होता, एवढंच.

तो अभ्यासक्रम वाईट नाही. एअरपोर्टवर नोकरी करायची असेल त्यानं जरूर करावा. काही ठिकाणी डिग्री आणि फ्लाइंग एकत्र चालतं, तेही ठीक. फक्त पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: या तीन वर्षांत माझ्या मुलाच्या लॉगबुकमध्ये उड्डाणाचे किती तास चढतील, आणि त्याची फी यात धरली आहे का? उत्तर गोलमोल आलं, तर चहा पिऊन निघा.

डिग्रीचा उपयोग नाही का मग?

आहे, पण लायसन्ससाठी नाही. पायलटची नोकरी दोन गोष्टींवर उभी असते: तब्येत आणि बाजार. दोन्ही आपल्या हातात पूर्णपणे नसतात. मेडिकल एकदा होऊन संपत नाही, ते ठरावीक काळानं परत परत द्यावं लागतं. चाळिशीत साखर किंवा हृदयाचं काही निघालं, तर पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. बाजाराचं म्हणाल, तर २०१२ साली किंगफिशर बंद पडली, एप्रिल २०१९मध्ये जेट थांबली, मे २०२३मध्ये गो फर्स्ट. मधे २०२०चा लॉकडाउन, तेव्हा देशांतर्गत विमानं दोन महिने जमिनीवर. त्या त्या वेळी नवे लायसन्सवाले तर सोडाच, हजारो तास असलेले लोकही घरी बसले.

अशा दिवसांत पदवी असलेला माणूस बँकेची, सरकारी खात्याची परीक्षा देऊ शकतो, एमबीएला जाऊ शकतो. नुसत्या बारावीवर यातली बरीच दारं उघडत नाहीत. पायलटच्या ट्रेनिंगचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो. एअरलाइनच्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाचं खास ट्रेनिंग, स्वतः करावं लागलं तर ते वेगळं. एवढं कर्ज डोक्यावर असताना दुसरा काही आधार असावा असं वाटणाऱ्या आईला आम्ही कधीच हसत नाही.

पण म्हणून आधी तीन वर्षं कॉलेज आणि मग फ्लाइंग, हे आम्हाला पटत नाही. एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्याची पाळी मोठ्या प्रमाणात सिनिऑरिटीनं येते, आणि सिनिऑरिटी मोजतात रुजू झाल्याच्या तारखेपासून. ६५व्या वर्षी कॉकपिट सोडावंच लागतं. सुरुवातीला घालवलेली तीन वर्षं शेवटच्या, सगळ्यात जास्त पगाराच्या तीन वर्षांतून वजा होतात.

आमच्या मुलांना आम्ही मधला रस्ता सांगतो: दूरशिक्षणातून डिग्री. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. बीए, बीकॉम, काय झेपेल ते. फ्लाइंगमध्ये वाट बघण्याचे दिवस भरपूर असतात. पावसाळ्यात ढग उतरले की आठवडाच्या आठवडा विमान हँगरमधून बाहेर निघत नाही. गोंदिया, बारामती, धुळे, जिथे शिकाल तिथे जुलै महिना असाच जातो. तेव्हा होस्टेलवर पत्ते कुटण्यापेक्षा एक असाइनमेंट लिहून होते.

अपवाद आहेत. कर्जासाठी घर किंवा शेत तारण ठेवायचंय आणि घरात त्यावर एकमत नाही, किंवा मुलाचंच मन अजून दोलायमान आहे, तर खुशाल कॉलेज करा. विमानं कुठे पळून जात नाहीत. दोलायमान मुलाला आम्ही प्रवेश देतच नाही, धंद्याचं नुकसान झालं तरी.

डिग्रीच्या आधी मेडिकल

खरा दरवाजा हा आहे, आणि तो लोक शेवटी ठोठावतात. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून आधी क्लास टू मेडिकल, मग त्याहून कडक क्लास वन. कमर्शियल लायसन्सला क्लास वनच लागतं. चष्म्याला घाबरू नका, चष्मा लावून नीट दिसत असेल तर चालतं. रंग ओळखण्याचं मात्र तसं नाही. ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचायचा असतो, आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच दिसत नाही असं अठराव्या वर्षी कळलेली मुलं आम्ही पाहिलीत. फी भरून झाल्यावर कळलेलीही. म्हणून आमचा नियम: क्लास टू हातात आल्याशिवाय आम्ही फीचा पहिला हप्ता घेत नाही.

कॉमर्स, बायोलॉजी, अमेरिकेतला मामा

बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, तेवढे विषय देता येतात. बायोलॉजीवाल्यांचं बहुधा फक्त मॅथ्स राहिलेलं असतं. ही अटच काढून टाकायची चर्चा २०२५मध्ये वर्तमानपत्रांत झाली होती. चर्चेवर विसंबून कुणी बसू नये. डीजीसीएच्या संकेतस्थळावर बदललेला नियम स्वतः वाचाल तेव्हाच तो बदलला.

अमेरिकेतला मामा सांगतो की तिकडे चार वर्षांची डिग्री लागते. मामाचं अगदी चूक नाही. तिथल्या मोठ्या एअरलाइन बरीच वर्षं ती मागत असत. डेल्टानं जानेवारी २०२२मध्ये ही सक्ती काढली. आता तिथे डिग्रीला प्राधान्य आहे, बंधन नाही. मान्यताप्राप्त कॉलेजची एव्हिएशनची पदवी आणि ट्रेनिंगही तिथलंच असेल, तर १५०० ऐवजी १००० तासांवर को-पायलट होता येतं, हा तिथला खरा फायदा. आपल्या लायसन्सला तशी सवलत नाही. तिकडे ट्रेनिंग घेऊन इथे नोकरी करायची तर लायसन्स इथल्या नियमानं बदलून घ्यावं लागतं, आणि त्यासाठीही डिग्री विचारत नाहीत.

एअरफोर्सचं गणित वेगळं. एनडीएला बारावीवर, एएफकॅट या एअरफोर्सच्या प्रवेश परीक्षेला पदवीवर. ते आम्ही शिकवत नाही.

येताना काय आणाल

दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, असल्यास पासपोर्ट. डिग्रीचे कागद राहू द्या. मार्कशीटवरचं नाव घरीच एकदा नीट वाचून या. महाराष्ट्र बोर्ड आडनाव आधी छापतं, आधारवर ते शेवटी असतं, आणि कुठेतरी वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलेलं असतं. डीजीसीएला बारावीच्या निकालाची बोर्डाकडून पडताळणी लागते. त्या पडताळणीत हे एक अक्षर दोन-दोन महिने खातं. दुरुस्ती करायची असेल तर विभागीय मंडळात अर्ज आजच टाका. मेडिकल होईतो तेवढं काम मार्गी लागेल. पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. रविवारी क्लास बंद असतो.