हलकं पिस्तूल हाताला जड का जातं?

सातारा जिल्ह्यात पिस्तुलाचा विषय काढायला निमित्त लागत नाही. अपशिंग्याची ओळखच 'मिलिटरी अपशिंगे' अशी आहे. साताऱ्यात 1961 पासून सैनिक शाळा आहे, आणि निवृत्त हवालदार-सुभेदार तर जवळजवळ प्रत्येक गावात भेटतात. आता त्यात नेमबाजीची भर पडली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, 2024 ला पॅरिसमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं आणली आणि घराघरांतल्या मुली आईवडिलांना विचारू लागल्या, मी शिकू का?

मग खरेदीची वेळ येते. दुकानात किंवा ओळखीच्या माणसाकडे पिस्तूल हातावर तोलून पाहिलं जातं आणि कौतुकाने म्हटलं जातं, "बघा, किती हलकं आहे!" या कौतुकाला माझा विरोध आहे. कमरेला लावून दिवसभर हिंडायचं असेल तर हलकेपणा हा गुण. चाप ओढायच्या क्षणी मात्र तोच दोष ठरतो. का, ते कळायला नववीचा 'गतीचे नियम' हा धडा पुरेसा आहे.

गोळी पुढे जाते तेव्हा तिच्या वस्तुमानाचा आणि वेगाचा गुणाकार, म्हणजे तिचा संवेग, जेवढा असतो तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो. गोळीमागून बाहेर पडणाऱ्या जळक्या दारूच्या वायूचा थोडा वाटा त्यात मिळवायचा. 9 मिलिमीटरची नेहमीची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची. ती सेकंदाला 350 मीटरच्या आसपास वेगाने सुटते. वायूसकट एकूण संवेग सुमारे 3 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. पिस्तूल 900 ग्रॅमचं असेल तर ते सेकंदाला सव्वातीन मीटरच्या वेगाने मागे येऊ पाहतं आणि हाताला पोचणारी ऊर्जा 5 ज्यूल भरते. तीच गोळी 600 ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडली, तर ऊर्जा साडेसात ज्यूलवर जाते. वजन एक तृतीयांशाने घटलं, झटका दीडपट झाला. गोळी बदलली नाही, दारू बदलली नाही, तरीही.

हेच गणित इतर काडतुसांना लावून पाहण्यासारखं आहे. भारतात सामान्य परवानाधारकाला मिळणारं .32 बोअरचं पिस्तूल घ्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इथे इंचात). त्याची गोळी साडेचार ग्रॅमची, वेगही कमी. 700 ग्रॅमच्या पिस्तुलात झटका दीड ज्यूलपेक्षा कमी येतो. कानपूरच्या आयुध निर्माणीने 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून बाजारात आणलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचं आहे. ते हाताला सोसवतं, कारण काडतूस मुळात सौम्य आहे. याउलट .45 बोअरची गोळी जवळपास 15 ग्रॅमची. जॉन ब्राउनिंगने रचलेलं, अमेरिकी सैन्याने 1911 मध्ये स्वीकारलेलं पोलादी पिस्तूल रिकामं असतानाच 1.1 किलो भरतं, तरीही त्याचा झटका 8 ज्यूलच्या आसपास जातो. म्हणून नुसतं वजन किंवा नुसता बोअर विचारून काहीच कळत नाही. दोन्ही एकत्र विचारावे लागतात.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये निवडलेल्या ग्लॉक 17 ची चौकट प्लास्टिकच्या जातीच्या पॉलिमरची आहे. पोलादाच्या मानाने त्याची घनता पाचवा हिस्सासुद्धा नाही, त्यामुळे पिस्तूल खूप हलकं झालं. मात्र त्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, 17 काडतुसं बसतात, प्रत्येक साधारण 12 ग्रॅमचं. म्हणजे 200 ग्रॅमचा भार नुसत्या काडतुसांचा. भरलेलं पिस्तूल 900 ग्रॅमच्या थोडं वर, शेवटच्या गोळीला 700 च्या जवळपास. पहिल्या गोळीला 5 ज्यूल, शेवटच्या गोळीला सहाच्या वर. पोलादी पिस्तुलातही असा फरक पडतो, पण तिथे मूळ वजनच मोठं असल्याने तो हाताला तितका जाणवत नाही.

आता अर्धस्वयंचलित रचनेकडे येऊ. गोळी सुटल्यावर वरची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते आणि परत पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलते. या सगळ्याला काही शतांश सेकंद लागतात. एकूण संवेगात यामुळे काडीचाही फरक पडत नाही, पण तो हाताला मिळायला लागणारा वेळ वाढतो आणि तेवढ्याने बोचणारा धक्का ढकलल्यासारखा होतो. ट्रॉलीतून फेकलेलं कलिंगड झेलताना आपण हात मागे नेतो, त्यातही हेच असतं. रिव्हॉल्व्हरला सरकणारी स्लाइड नसते, त्यामुळे सारख्याच वजनाचं आणि सारख्याच ताकदीच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर हाताला जास्त कडक लागतं.

शिवाय नळी मुठीच्या किती वर आहे, हेही बघायला हवं. झटका नळीच्या रेषेत मागे येतो आणि हात त्याला खाली धरून असतो. या दोहोंतलं अंतर जितकं जास्त, तितकं तोंड वर उसळतं. मग नळी खालीच का आणू नये? तसे प्रयत्न झाले आहेत. पण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा 25 मीटर पिस्तुलासाठी नियम आहे की नळीची मध्यरेषा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे. पूर्वी पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात .22 शॉर्ट नावाचं जवळपास विनाझटक्याचं काडतूस चालायचं. 2005 पासून तेही बंद झालं आणि '.22 लाँग रायफल' नावाचं काडतूस सक्तीचं झालं. या प्रकारात शेवटच्या फेऱ्यांना 4 सेकंदांत पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात. तिथे पिस्तूल किती उसळतं यापेक्षा ते किती लवकर जागेवर येतं, याला महत्त्व. 1.1 किलोच्या पिस्तुलात या काडतुसाचा झटका अर्ध्या ज्यूलच्याही खाली असतो, तरी नेमबाज त्यातलाही थोडाथोडा काढून टाकायला धडपडतात. काही पिस्तुलांत त्यासाठी टंगस्टनची छोटी सरकती वजनं बसवलेली असतात.

मग झटक्याने नेम चुकतो का? गोळी नळीत असते तो काळ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात स्लाइड फार तर दोनेक मिलिमीटर मागे सरकते. हात खरा उसळतो तो गोळी निघून गेल्यावर. तिची दिशा बिघडते ती आधी, झटक्याच्या भीतीने. हे उघडं पाडायची एक जुनी युक्ती शिकवणाऱ्यांकडे असते. शिकणाऱ्याच्या नकळत मॅगझिनमध्ये मधेच एक खोटं काडतूस घालायचं. मुलगी नेम धरते, श्वास रोखते, चाप ओढते. आवाज नाही, धूर नाही, नुसता 'टक्'. आणि पिस्तुलाचं तोंड बोटभर खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं.

"पोरी, आत गोळीच नव्हती की. मग हात का खाली गेला?"

"येणाऱ्या झटक्याला आधीच दाबलं, काका."

इतकं लख्ख निदान दुसऱ्या कशाने होत नाही. म्हणूनच नवशिक्याच्या हाती हलकं आणि दणकट काडतुसाचं पिस्तूल देणं मला सरळसरळ नुकसानीचं वाटतं. एकदा मनगटात शिरलेली ही सवय पुढे फार काळ पिच्छा पुरवते.

वजन वाढवत नेलं की सगळं सुटतं, असंही नाही. 10 मीटर एअर पिस्तूलच्या फेरीत सव्वा तासात 60 नेम, आणि तेही एका हाताने, हात सरळ ताणून. नियमाने दीड किलोपर्यंत वजन चालतं, तरी बहुतेक नेमबाज एक किलोच्या आसपासच राहतात. खांदा थकला की कंप वाढतो, आणि झटक्यात वाचवलेलं तिथे जातं.

आता पैशाचं. 9 मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, सामान्य नागरिकाला मिळत नाही. .32 साठी परवाना लागतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयातून. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. आयुध निर्माणीचं .32 लाखाच्या आसपास पडतं, पण स्वसंरक्षणाच्या त्या छोट्या पिस्तुलावर नेमबाजी शिकण्यात अर्थ नाही. नळी आखूड, चाप जड, आणि सरावाला लागतील एवढी काडतुसं मिळणार कुठून?

शिकणाऱ्यासाठी किमतीचं चीज होतं ते 4.5 मिलिमीटर एअर पिस्तुलात. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे 150 मीटर, ऊर्जा 6 ज्यूलच्या आत. कायद्याची मर्यादा 20 ज्यूलची असल्याने परवाना लागत नाही. झटका जवळपास शून्य, म्हणजे मनगटाला भीती शिकवणारं काही नाही. स्पर्धेच्या दर्जाचं परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या वर जातं, म्हणून बरेच पालक कुणाचं तरी वापरलेलं शोधतात. ते योग्यच आहे. फक्त घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. लाकडी मूठ मुलीच्या हाताला बसते का, की वडिलांच्या? आणि नळीखाली लावलेल्या दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख. उत्पादक त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर वापरू नये, ही जबाबदारी स्पर्धेत नेमबाजाचीच असते. विकणारा तारीख दाखवायला टाळत असेल तर नव्या सिलिंडरची किंमत धरूनच भाव करावा.