जंगलतोड आणि सह्याद्रीतील ओढ्यांची जीवसृष्टी

उष्ण कटिबंधातील डोंगरी ओढ्यांच्या काठचे व पाणलोटातले जंगल तुटले की पाण्याचे तापमान, त्यावर पडणारे ऊन, तळातला गाळ आणि अन्नाचा पुरवठा बदलतो. पाठोपाठ तिथले जीवही बदलतात. हा परिणाम मासे किती उरले यावरून जोखण्याची सवय आहे, पण ती फसवी आहे. उघड्यावर पडलेल्या ओढ्यात सुरुवातीची काही वर्षे मासे आणि कीटक पूर्वीपेक्षा जास्तही दिसू शकतात. कुठेही निभावून नेणारे जीव वाढतात आणि त्या सावलीच्या, थंड पाण्याखेरीज जगू न शकणारे गुपचूप नाहीसे होतात. सह्याद्रीत ही अदलाबदल महाग पडते, कारण इथले कित्येक मासे, बेडूक आणि खेकडे प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त इथेच आढळणारे आहेत.

दाट रानातल्या ओढ्यावर ऊन कवडशांपुरतेच पोचते. त्यामुळे पाण्यात शेवाळ बेताचे असते आणि अन्नसाखळी सुरू होते ती वरून पडणाऱ्या पाचोळ्यापासून. पान पाण्यात पडले की आधी बुरशी व जीवाणू त्याला मऊ करतात. मग खेकडे, कोळंब्या आणि कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्या ते कुरतडतात. उरलेला चुरा प्रवाहाबरोबर खाली जातो आणि दगडांच्या आडोशाला रेशमी जाळे लावून बसलेल्या कॅडिसफ्लायच्याच दुसऱ्या अळ्या तो गाळून खातात. झाडे गेली की पाचोळा आटतो, ऊन थेट पडते, शेवाळ माजते आणि ते खरवडून खाणाऱ्यांचे फावते. मादागास्करच्या पूर्व भागातील रानोमाफाना परिसरात अशाच ओढ्यांचा अभ्यास झाला आहे. जंगल तुटलेल्या ओढ्यांत रानातल्या खास कीटकांची जागा मेफ्लाय या कीटकाच्या, शेवाळावर जगणाऱ्या काही सर्वसाधारण जातींनी घेतलेली तिथे आढळली.

सावली गेल्यावर पाणी तापते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे जलचरांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. उन्हाळ्यात धार थांबून नुसते डोह उरतात, तेव्हा हा ताण सर्वांत जास्त असतो.

तरीही सह्याद्रीपुरते बोलायचे तर गाळ हाच सर्वांत मोठा शत्रू मानावा लागेल. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो, उतार तीव्र, आणि माती उघडी पडलेली. त्यातही झाडे तोडलेल्या जागेपेक्षा ओंडके बाहेर काढायला जेसीबीने पाडलेले कच्चे रस्ते जास्त माती खाली आणतात. रानातल्या ओढ्यातला दगड उलटून पाहिला तर खालच्या बाजूला चपट्या अंगाच्या मेफ्लायच्या अळ्या दगडाला घट्ट बिलगलेल्या असतात. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांच्या झालरी हलत असतात. नाण्यासारख्या गोल, चकतीवजा अळ्याही दिसतात, त्या एका पाणभुंगेऱ्याच्या. या सगळ्यांना दगडाखालची फट मोकळी लागते. तांबडी माती तिथे बसली की फटी बुजतात, कल्ले भरतात, कॅडिसफ्लायची जाळी चिखलाने लडबडून निकामी होतात. मऊ गाळात मग चिरोनोमिड या चिलटांसारख्या कीटकांच्या लाल अळ्या वाढतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने कमी ऑक्सिजनचे त्यांना वावडे नसते.

पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालायला येतात. त्यांतल्या ज्या जाती खडी-वाळूत अंडी सोडतात, त्यांची अंडी गाळाखाली गुदमरतात. बेडकांचे दुखणे वेगळे आहे. महाराष्ट्राच्या घाटांत आढळणारा ‘निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी’ हा बेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर किंवा ओल्या खडकांवर अंडी घालतो. अंड्यांतून बाहेर पडलेले डिंभ थेट खालच्या पाण्यात टपकतात. काठची झुडपे साफ केली तर पाणी स्वच्छ असूनही अंडी घालायला जागाच उरत नाही, आणि उघड्या खडकावरची अंडी पावसाची उघडीप मिळताच सुकतात.

‘झाडे तोडली म्हणून ओढा आटला’ हे वाक्य मात्र जपून वापरावे. झाडे स्वतःही भरपूर पाणी बाष्परूपाने सोडतात, त्यामुळे तोडीनंतर वर्षभराचा एकूण प्रवाह वाढूही शकतो. खरा प्रश्न तो केव्हा येतो हा आहे. गुरांच्या आणि वाहनांच्या वावराने जमीन दडपली गेली की पाणी मुरत नाही. पावसाळ्यात लोंढे येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच धार तुटते.

कोकणात, विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्गात, बरीच राने खाजगी मालकीची आहेत. जळाऊ लाकूड आणि कोळशासाठी ती वारंवार तुटतात. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, टहाळ तोडण्याची रीत जुनी आहे, काजूच्या बागा आणि दोडामार्गकडचे रबर त्या मानाने अलीकडचे. बाग म्हणजे हिरवळ खरी, पण एकाच जातीचा पाचोळा आणि काठापर्यंत साफ केलेली जमीन ओढ्याला रान परत देत नाही.

आययुसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०११ मध्ये पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या जीवांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात माशांच्या सुमारे ३७ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. जंगलतोडीबरोबर प्रदूषण, अतिमासेमारी, धरणे आणि परके मासे हीही कारणे आहेत. संरक्षण काही ठिकाणी श्रद्धेने झाले. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर मासे कुणी मारत नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमावरील मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसास्थळ ठरली. अर्थात कुंड राखले तरी त्यात येणारे पाणी भोवतालच्या डोंगरातूनच येते.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे दोन्ही काठांवर झाडांचा पट्टा राखणे. ब्राझीलच्या २०१२ च्या वनकायद्याने १० मीटरपर्यंत रुंद प्रवाहांसाठी सर्वसाधारणपणे ३० मीटरचा पट्टा बंधनकारक केला आहे. पट्टा वाढला की काही वर्षांत सावली आणि पाचोळा परततो. तळातला गाळ निघायला जास्त काळ लागतो. पंख फुटणारे कीटक शेजारच्या ओढ्यातून उडत येऊ शकतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना तरंगती अळी-अवस्थाच नसते, मादी पिल्ले पोटाखाली बाळगते. त्यामुळे जवळपास रान शिल्लक नसेल, तर त्यांचे परतणे जवळजवळ अशक्य असते.