आधी कार्यक्रम, मग वास्तू: स्थानिक सांस्कृतिक केंद्रांची पार्श्वभूमी

वस्तीत एक सांस्कृतिक केंद्र हवं, ही मागणी बहुतेक वेळा एखादा कार्यक्रम चांगला रंगल्यावर पुढे येते. चित्रप्रदर्शन भरतं, हौशी मंडळींचं नाटक होतं, चार संध्याकाळी माणसं लोटतात. मग उसने आणलेले दिवे परत जातात, शाळेचा हॉल पुन्हा शाळेचा होतो आणि पुढच्या वर्षी सगळी जमवाजमव नव्याने करावी लागते. प्रेक्षकाला दिसतो तो दोन तासांचा प्रयोग. त्यामागच्या तालमींना जागा लागते, नेपथ्य आणि वाद्यं ठेवायला खोली लागते, आणि नवशिक्याला कोणी हसणार नाही अशा ठिकाणी चुका करायची सोय लागते. या गरजेला गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरं दिली. त्यांतली काही टिकली, काही भव्य असूनही विरून गेली.

सुरुवात लंडनच्या पूर्व भागापासून करावी लागते. व्हाइटचॅपल ही तेव्हाची अत्यंत दाट आणि गरीब वस्ती. तिथले धर्मोपदेशक सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी 1881 साली चर्चच्या शाळेतल्या खोल्यांमध्ये चित्रप्रदर्शन भरवलं. चित्रं उसनी मागून आणलेली होती. कामगारांना मोकळा दिवस एकच, म्हणून रविवारीही दार उघडं ठेवलं. रविवार हा प्रार्थनेचा दिवस, म्हणून त्या काळी हा वादाचा विषय झाला, पण बार्नेट दांपत्य मागे हटलं नाही. दर वर्षी ईस्टरच्या सुमारास हे प्रदर्शन भरत राहिलं, लोक येत राहिले, शाळेच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. अखेर 1901 मध्ये व्हाइटचॅपल आर्ट गॅलरी ही कायमची इमारत उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. वीस वर्षांच्या कार्यक्रमांनी तिचा प्रेक्षक आधीच घडवला होता, म्हणून दार उघडल्यावर लोकांना बोलवावं लागलं नाही. या सगळ्या इतिहासातलं हे मला सर्वांत मोलाचं उदाहरण वाटतं.

तिथून जवळच, माइल एंडला, नेमका उलटा क्रम घडला. वॉल्टर बेझंट यांनी 1882 च्या एका कादंबरीत पूर्व लंडनच्या कष्टकऱ्यांसाठी आनंदाचा एक महाल कल्पिला होता. ती कल्पना लोकांनी उचलून धरली, देणग्या जमल्या आणि 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते ‘पीपल्स पॅलेस’चं उद्घाटन झालं. भव्य सभागृह, मैफली, प्रदर्शनं, सगळं होतं. पण रोजचा खर्च भागवायला जो पैसा आला त्याचा ओढा तंत्रशिक्षणाकडे होता. हळूहळू वर्ग वाढले, करमणूक आणि कला आक्रसत गेल्या, आणि त्या संस्थेतून वाढलेलं महाविद्यालय म्हणजे आजचं क्वीन मेरी विद्यापीठ. शिक्षणाचं भलं झालं यात शंका नाही. पण वस्तीला हवं होतं ते घर हातचं गेलं. केंद्राचं भवितव्य बांधकामाच्या निधीपेक्षा वीजबिल आणि पगार कोण देतं यावर जास्त अवलंबून असतं, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

अमेरिकेत जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत ‘हल हाउस’ हे वस्तीकेंद्र सुरू केलं. मूळ घराला 1891 मध्ये पहिली नवी इमारत जोडली गेली ती कलादालनाची, हे विसरू नये. भोवती उपासमार, आजार आणि बेकारी असताना आधी कलादालन कशाला, असा प्रश्न आजही प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी विचारला जातो. हल हाउसने त्याचं उत्तर कामातून दिलं: पाळणाघर, कामगारांच्या हक्कांची लढाई, संगीतशाळा आणि नाट्यगृह हे सगळं एकाच आवारात चाललं. पुढे जाझमध्ये नाव काढलेला बेनी गुडमन लहानपणी तिथल्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे.

युरोपात कामगार चळवळीने स्वतःची घरं बांधली. ब्रुसेल्समध्ये व्हिक्टर ओर्ता यांनी रचलेलं ‘मेझों द्यु पप्ल’ म्हणजे ‘लोकांचं घर’ 1899 मध्ये उघडलं. तळमजल्यावर उपाहारगृह आणि सर्वांत वर प्रचंड सभागृह. 1965 मध्ये ते पाडलं गेलं. मॉस्कोत कॉन्स्तान्तीन मेल्निकोव्ह यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस बांधलेला कामगारांचा रुसाकोव्ह क्लब वास्तुकलेचा विद्यार्थी आजही अभ्यासतो, कारण त्याचं प्रेक्षागृह गरजेप्रमाणे लहान-मोठं करता येईल असं योजलेलं होतं. मात्र सोव्हिएत व्यवस्थेत आत काय सादर व्हावं हे वरून ठरत असे. हौशी कलाकारांना जागा, साधनं आणि शिक्षक मिळाले, पण मोकळीक मिळाली नाही.

महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने बेकार कलावंतांना काम देण्यासाठी 1935 पासून ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ चालवला आणि त्यातून देशभर सुमारे शंभर सामुदायिक कलाकेंद्रं निघाली. बहुतेक ठिकाणी अट अशी होती की कलावंतांचं मानधन सरकार देईल, जागा स्थानिक लोकांनी मिळवायची. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीने ही अट मनावर घेतली. चित्रकारांनी रस्त्यावर उभं राहून दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली, निधीसाठी नृत्यसमारंभ केले आणि एक जुना वाडा विकत घेतला. ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’चं दार 1940 मध्ये उघडलं, 1941 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट औपचारिक लोकार्पणाला आल्या. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्सला तिथे डार्करूम मिळाली, कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स तिथल्या काव्यशाळेत बसली. 1943 मध्ये सरकारी योजना गुंडाळली गेली. इतर बहुतेक केंद्रं बंद पडली. हे चालू राहिलं, आजही त्याच वाड्यात आहे. कारण उघड आहे. वास्तू वस्तीच्या मालकीची होती आणि ती मिळवण्यासाठी लोकांनी स्वतः घाम गाळला होता.

महायुद्धानंतर राज्यसंस्था या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर उतरली. ब्रिटनमध्ये 1946 मध्ये कलेला सरकारी अनुदान देणारी आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली आणि त्याच वर्षी ब्रिजवॉटर या छोट्या गावात तिच्या मदतीचं पहिलं कलाकेंद्र निघालं. पण कौन्सिलचं लक्ष लवकरच व्यावसायिक दर्जाकडे आणि मोठ्या संस्थांकडे वळलं, हौशी मंडळी परिघावर गेली. जपानने त्याच वर्षी अगदी वेगळी वाट धरली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावांत लोकशाहीची सवय लागावी म्हणून ‘कोमिनकान’ म्हणजे सार्वजनिक सभागृहं उभारण्याची कल्पना शिक्षण मंत्रालयाने 1946 मध्ये मांडली आणि 1949 च्या सामाजिक शिक्षण कायद्याने तिला आधार दिला. दहा हजारांहून अधिक कोमिनकान आजही आहेत. दिसायला ती अगदी साधी: दोन-चार खोल्या, एक स्वयंपाकघर, एक हॉल. गायनाचा गट, सुलेखनाचा गट, नृत्याचा गट आपापली वेळ नोंदवून येतात आणि वर्षाकाठी एका महोत्सवात वर्षभराचं काम मांडतात. इथे कार्यक्रम हे फळ आहे आणि रोजचा सराव हे झाड. जगात इतरत्र नेमकं याच्या उलट नियोजन होतं, असं माझं निरीक्षण आहे.

फ्रान्सचं उदाहरण सर्वांत गाजलेलं. 1959 मध्ये आंद्रे मालरो पहिले संस्कृतिमंत्री झाले. मानवजातीच्या श्रेष्ठ कलाकृती जास्तीत जास्त नागरिकांपर्यंत पोचाव्यात यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक ‘संस्कृतिगृह’ उभारायचं त्यांनी ठरवलं. खर्च निम्मा केंद्र सरकारचा, निम्मा शहराचा. पहिलं 1961 मध्ये ल हाव्रमध्ये झालं, ग्रनोबलचं 1968 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी उघडलं. इमारती देखण्या होत्या, कार्यक्रम अव्वल. त्याच वर्षी मे महिन्यात देश संपाने ढवळून निघाला आणि याच संस्कृतिगृहांचे व सार्वजनिक नाट्यगृहांचे संचालक व्हिलरबान इथे जमले. 25 मे 1968 च्या त्यांच्या जाहीरनाम्यात स्पष्ट कबुली होती की लोकसंख्येचा फार मोठा भाग आपल्या दारापर्यंत येतच नाही, आणि नुसत्या श्रेष्ठ कलाकृती समोर ठेवल्याने तो येणारही नाही. स्वतःच्या कामाबद्दल इतकं प्रांजळपणे बोलणं सोपं नसतं. त्यांचा दोष हेतूत नव्हता. लोकांनी येऊन पाहावं एवढीच भूमिका त्यांना दिली गेली होती. करण्याची, ठरवण्याची नव्हती.

यानंतरची दहा वर्षं बंद कारखान्यांची. ॲमस्टरडॅममध्ये 1970 साली दुधाच्या जुन्या कारखान्यात ‘मेल्कवेख’ हे सांस्कृतिक केंद्र सुरू झालं, हॅम्बुर्गमध्ये 1971 मध्ये ‘फाब्रिक’. उद्योग उठून गेले होते, छप्पर शाबूत होतं, तरुणांना जागा हवी होती. जर्मनीत यातून ‘सर्वांसाठी संस्कृती’ अशी घोषणाच निघाली.

या परंपरेतलं सर्वांत परिपक्व काम मात्र ब्राझीलमध्ये झालं. साओ पावलोतला पिपे बनवण्याचा एक बंद कारखाना पाडून तिथे केंद्र बांधायचं घाटत होतं. वास्तुरचनाकार लीना बो बार्दी जागा पाहायला गेल्या. सुट्टीच्या दिवशी पुन्हा गेल्या तेव्हा त्या ओस कारखान्यात मुलं धावत होती, म्हातारी माणसं बसली होती, कुटुंबं रमली होती. हे जे आपोआप चाललंय तेच चालू ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं आणि कारखाना राखला. ‘सेस्क पोंपेया’ 1982 मध्ये उघडलं: कार्यशाळा, नाट्यगृह, वाचनाची जागा, काहीही न करता बसण्याची जागा. त्याच्या टिकण्यामागे आणखी एक कमी बोललं जाणारं कारण आहे. सेस्क ही संस्था व्यापार व सेवा क्षेत्रातल्या आस्थापनांच्या पगारखर्चावरच्या सक्तीच्या अंशदानातून चालते. त्यामुळे दर वर्षी अनुदानासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

इमारत नसतानाही कल्पना किती दूर जाऊ शकते, हे लंडनच्या ‘फन पॅलेस’ने दाखवलं. रंगकर्मी जोन लिटलवुड आणि वास्तुरचनाकार सेड्रिक प्राइस यांनी 1960 च्या दशकात तो आखला: हलवता येणाऱ्या भिंती, शिकणं आणि खेळणं एकत्र. तो कधीच बांधला गेला नाही. लिटलवुड यांच्या जन्मशताब्दीला, 2014 मध्ये, त्या नावाने एका शनिवार-रविवारी ग्रंथालयांत, सभागृहांत, रस्त्यांवर लोकांनी स्वतःच कार्यक्रम केले, आणि पुढे ते दर वर्षी होऊ लागले. ही चळवळ मला मनापासून आवडते. तरी तिचाही आधार आधीपासून उभी असलेली ग्रंथालयं आणि सभागृहं हाच आहे; ती बंद झाली तर तो शनिवार-रविवार भरवायचा कुठे?

अलीकडच्या काळात धोरणाने खरं वळण घेतलं ते पुन्हा ब्राझीलमध्येच. 2004 मध्ये, गायक जिल्बेर्तो जिल संस्कृतिमंत्री असताना, सरकारने ‘पोंतो द कुल्तुरा’ म्हणजे संस्कृतिबिंदूंची योजना आणली. नवी केंद्रं बांधण्याऐवजी वस्त्यांमध्ये आधीच काम करत असलेले गट शोधायचे, त्यांना मान्यता द्यायची आणि काही वर्षांसाठी थेट निधी द्यायचा, काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. अडचण आली ती हिशेबांची. लोकनृत्य शिकवणाऱ्या छोट्या मंडळाकडून सरकारी कंत्राटदारासारखी कागदपत्रं मागितली जात होती आणि अनेक गट त्यात अडकले. 2014 च्या कायद्याने ही प्रक्रिया सोपी केली. ज्या गटांची कुठेही कायदेशीर नोंदणी झालेली नाही, पण जे वस्तीत प्रत्यक्ष काम करत आहेत, त्यांनाही संस्कृतिबिंदू म्हणून मान्यता मिळण्याची सोय त्या कायद्यात आहे.