तलावाची उलथापालथ आणि मासेमारी

ऋतू बदलताना तलावाचे वरचे व तळाचे पाणी एकमेकांत मिसळते, त्या क्रियेला उलथापालथ म्हणतात. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. थंड प्रदेशांत बर्फ वितळून वरचे पाणी ४ अंशांपर्यंत तापले, की सगळा तलाव एकाच घनतेचा होतो आणि वारा तो तळापर्यंत घुसळतो. प्राणवायू सर्वत्र पोचल्याने ट्राउटसारखे मासे कुठल्याही खोलीवर विखुरतात. गळ टाकणारे तेव्हा लवकर तापणाऱ्या उथळ काठाकडे वळतात.

नाशिक जिल्ह्यात पाणी गोठत नाही. इथे हे काम थंडीच्या रात्री आणि पहिला पाऊस करतात. २९ ते ३० अंशांतला घनतेचा फरक ४ ते ५ अंशांतल्या फरकाच्या तीसपटींहून जास्त असतो, त्यामुळे दोन-तीन अंशांच्या फरकावरही वरच्या गरम व तळाच्या गार पाण्याचे थर घट्ट बसतात, मिसळत नाहीत. गंगापूर, दारणा यांसारख्या धरणांत पाणी पुरेसे खोल राहिले तर मार्चपासून असे थर बनू शकतात. मग तळाशी प्राणवायू संपत जातो. तळाला लावलेले तंगुसाचे (नायलॉनच्या बारीक धाग्याचे) जाळे रिकामे निघाले आणि दोरीला कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर जाळे वर घ्यावे. अंदाजापेक्षा मोजणे बरे: दोरीला दर मीटरला गाठ मारून तापमापक सोडावा. जिथे तापमान एकदम उतरते, त्याच्या वर जाळे लावावे. नोव्हेंबर ते जानेवारीत वरचे पाणी गार होऊन खाली बसते, थर मोडतात. सुरुवातीला मासे विखुरल्याने जाळ्यात कमी येतात. पुढे तळाला चरणारा मृगळ पुन्हा खोल पाण्यात मिळतो. नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय उथळ आणि गाळाने भरलेला. तिथे वाराच पाणी ढवळत राहतो, थर टिकत नाहीत.

खरा धोका शेततळ्यांत. जूनचा गार पाऊस वरून पडून खाली बसतो आणि तळाचे सडके पाणी वर ढकलतो. ढगाळ दिवशी शेवाळही पुरेसा प्राणवायू तयार करत नाही, म्हणून पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. मोठे कटला आधी दगावतात. मरळ हवेतून श्वास घेते, ती तगते. विरघळलेला प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की खाद्य ताबडतोब बंद करावे. न खाल्लेले खाद्य कुजताना उरलाही प्राणवायू खाते. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवावा. तो नसेल तर पंपाने पाणी उपसून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या पाणी ओढणाऱ्या टोकाची झडप) तळाला टेकवणे, कारण त्यामुळे विषारी पाणीच वर येते. तो पृष्ठभागापासून अर्धा मीटर खाली तरंगता बांधावा. बरेच दिवस न ढवळलेल्या तळ्यात एअरेटर एकदम पूर्ण जोराने लावू नये. उन्हाच्या दिवशी दुपारी थोडा थोडा वेळ चालवून सवय करावी.