कोरे नाणे: टांकसाळीची चूक की कोणाची करामत?

सुट्ट्या पैशांत क्वचित असे नाणे हाती येते की ज्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंवर काहीच उमटलेले नसते. ती टांकसाळीची चूक आहे की कोणी घासून अथवा आम्लात बुडवून नाणे कोरे केले आहे, हे बऱ्याच वेळा घरबसल्या ठरवता येते. मात्र त्यासाठी नाणे कसे पाडले जाते हे ठाऊक हवे.

धातूच्या लांब पट्टीतून प्रथम गोल चकत्या कापल्या जातात, मग यंत्रात दाबून त्यांची कड थोडी उचलून घेतात आणि त्या भट्टीत तापवून मऊ करतात. यानंतर चकती पोलादी कड्यात बसते आणि वरचा व खालचा ठसा एकाच दाबात दोन्ही बाजू उमटवतात. म्हणूनच संपूर्ण कोरे नाणे म्हणजे ठशांखाली न जाताच निसटलेली चकती. एकच बाजू कोरी असेल, तर बहुधा दोन चकत्या एकावर एक आत गेलेल्या असतात आणि आतल्या बाजूंना ठसा लागलेला नसतो.

खरी कसोटी वजनाची. 2011 च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे 25 मिलिमीटर व्यासाचे आणि 4.85 ग्रॅम वजनाचे आहे. खऱ्या कोऱ्या चकतीचे वजन याच्या अगदी जवळ भरते, तर घासलेले किंवा आम्लात टाकलेले नाणे हलके भरते, कारण जी अक्षरे नाहीशी झाली त्यांच्याबरोबर धातूही गेलेला असतो. येथे एक अडचण मात्र मला फार रोचक वाटते: 1992 पासूनच्या स्टेनलेस स्टीलच्या रुपयाचाही व्यास 25 मिलिमीटर आणि वजन 4.85 ग्रॅमच होते. त्यामुळे या मापाची कोरी चकती रुपया होणार होती की दोन रुपये, हे वजनावरून सांगता येत नाही.

काठाचा चंद्रकोरीसारखा तुकडा गायब असलेल्या नाण्याची परीक्षा अधिक सूक्ष्म आहे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की कापणीचे यंत्र आधीच्या भोकावरच पुन्हा पडते आणि चकती अपुरी निघते. कड उचलताना चकतीवर समोरासमोरच्या दोन बिंदूंवर दाब येतो. एका बाजूला धातूच नसल्याने बरोबर विरुद्ध बाजूलाही तो दाब बसत नाही आणि तेथील कड पुसट राहते. या खुणेला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. नंतर कानसीने किंवा कात्रीने तुकडा काढणाऱ्याला ही खूण सहसा साधत नाही, म्हणून नाणे हाती येताच आधी तुटलेली नव्हे, तिच्या समोरची कड भिंगाखाली पाहावी.

कधी पाडलेले नाणे ठशालाच चिकटून बसते आणि पुढच्या चकतीवर त्याचीच खोलगट, उलटी छाप उमटते. संग्राहक अशा नाण्याला ‘ब्रोकेज’ म्हणतात.

सापडलेले नाणे चिंच, लिंबू किंवा पॉलिशने उजळू नये, कारण तपासणीचा पुरावा त्या पृष्ठभागावरच असतो. जुनी नाणी विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे. बँक असा व्यवहार करत नाही, हे तिने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर निवेदनाद्वारे स्पष्ट केले आहे.