जिवाणू मरतात, पण धुण्यानंतर काय?

ताज्या घामाला फारसा वास नसतो. तो कपड्यात मुरला, की त्वचेवरून आलेले जिवाणू त्यातले घटक फोडतात आणि मग तो ओळखीचा आंबूस दर्प सुटतो. सुती कापड म्हणजे त्यांना आयती जागा. कापूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतुमय पदार्थ, असतो. त्याच्या रेणूंवर जागोजागी असलेले हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाणी धरून ठेवतात. हाताला कोरडं लागणारं सुती कापडसुद्धा वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा बाळगून असतं. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. त्या खाचांत आडोसाही मिळतो.

म्हणून कापडावर जंतुरोधक थर चढवतात. खरं तर जिवाणू मारणं सोपं आहे. चांदीच्या नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, ओलाव्यात आयन (विद्युतभारित अणू) सुटतात, ते जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात आणि प्रथिनांचं काम थांबतं. अडचण अशी, की चांदी झिजूनच काम करते. २००८ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातले चांदीयुक्त मोजे पाण्यात घुसळून पाहिले, तेव्हा काही मोज्यांतली बरीचशी चांदी मोजक्या धुण्यांतच पाण्यात उतरली. म्हणजे औषध पायाला कमी आणि गटाराला जास्त!

दुसरी तऱ्हा म्हणजे थर कापडाला कायमचा जखडणं. इथे तेच हायड्रॉक्सिल गट उपयोगी पडतात. क्वाटर्नरी अमोनियम संयुग हे एक जंतुनाशक. त्याचं सिलेन (सिलिकॉनयुक्त गट) असलेलं टोक त्यांच्याशी रासायनिक बंध जोडतं. उरलेल्या भागावर धनभार असतो. जिवाणूचं आवरण ऋणभारित, त्यामुळे तो ओढला जातो आणि संयुगाची लांब कार्बन-शेपटी ते आवरण फाडते. काहीच सुटत नाही, झिजत नाही. पण मेलेल्या जिवाणूंचा गाळ त्यावर साचतो आणि साबणातले ऋणभारित रेणू तो धनभार झाकून टाकतात. थर जागेवर असतो, पण निकामी.

मला सगळ्यांत आवडते ती एन-हॅलामाइनची युक्ती. यात नायट्रोजनला क्लोरीन बांधलेला असतो. तो जिवाणू मारण्यात खर्ची पडला, की कापड ब्लीचच्या पाण्यात बुडवायचं, क्लोरीन पुन्हा बसतो. इथे धुणंच थराला ताजं करतं. अर्थात वारंवार ब्लीच केल्याने सूत कमजोर होतं, ते वेगळंच.

लेबलवर ‘९९.९ टक्के’ दिसलं, की मी शेजारी धुण्यांचा आकडा शोधतो. बहुतेकदा तो नसतो. दहा लाख जिवाणूंतले ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात. थर धुऊन गेलेला असेल आणि ओल्या कापडात ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर पाच तासांत पुन्हा दहा लाख.