एका टिचकीचा माग

इंदूरच्या सराफ्यात रात्री साडेदहाला गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, गाड्यापुढे उभे होतो. काकांनी क्यूआर कोड स्कॅन केला, ६० रुपये टाकले, पिन दिला आणि पडद्यावर ते गोल फिरायला लागलं. चार-पाच सेकंद गेले. मागे रांग वाढत होती. गाड्यावरचा मुलगा पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या स्पीकरकडे कान लावून उभा. शेवटी तो स्पीकर बोलला आणि आम्ही द्रोण घेऊन बाजूला झालो. काकांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यातली बरीच वर्षं आवक-जावक शाखेत. गराडूवर लिंबू पिळता पिळता त्यांनी विचारलं, "एवढा वेळ ते नेमकं कोणाच्या टेबलावर अडकलं होतं, हे तुम्हा लोकांना कळतं का गं?"

मला पगार मिळतो तो बराचसा याच प्रश्नाची उत्तरं शोधण्यासाठी. म्हणून हा लेख.

आधी त्या ६० रुपयांचं बघू. यूपीआय सुरू झालं २०१६च्या एप्रिलमध्ये. आपण पिन दिला की निरोप ॲपकडून त्या ॲपशी जोडलेल्या बँकेकडे जातो आणि तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे. ही यंत्रणा समोरच्याचं खातं कुठलं ते विचारून घेते, आपल्या बँकेला पैसे वळते करायला सांगते, तिचा होकार आला की समोरच्याच्या बँकेला जमा करायला सांगते, आणि मग उत्तर आल्या वाटेनं परत येतं. एका द्रोणासाठी चार-पाच दारं वाजतात आणि प्रत्येक दाराआड पुन्हा कितीतरी प्रोग्रॅम बसलेले असतात. या सगळ्यांना बांधणारी एक गोष्ट पावतीवर छापलेली असते: १२ आकडी संदर्भ क्रमांक. तक्रार करायला गेलात की तोच मागतात.

"म्हणजे फाइल नंबर," काका म्हणाले. अगदी तेच.

बाहेरून एकसंध दिसणारं कुठलंही मोठं ॲप आतून असंच विखुरलेलं असतं. पूर्वी एकच मोठा प्रोग्रॅम एका मशिनवर चाले. आता किमती सांगणारा वेगळा, साठा बघणारा वेगळा, पेमेंटचा वेगळा, एसएमएस पाठवणारा वेगळा. यातल्या प्रत्येकाला सर्व्हिस म्हणतात आणि त्या नेटवर्कवरून एकमेकींना रिक्वेस्ट पाठवतात. उबरने २०२०मध्ये आपल्याकडे अशा सुमारे २,२०० सर्व्हिसेस असल्याचं सांगितलं होतं. फायदा मोठा आहे. साठ्याची टीम आपला तुकडा मंगळवारी बदलू शकते, पेमेंटवाल्यांना विचारत बसावं लागत नाही. पण पूर्ण वाट कोणालाच दिसत नाही.

प्रत्येक सर्व्हिस आपली नोंदवही लिहीत असते, तिला लॉग म्हणतात. पण तासाला लाखो ओळी पडत असताना या वहीतली ही ओळ आणि त्या वहीतली ती ओळ एकाच ग्राहकाची आहे, हे कशावरून ओळखायचं?

कागद फिरायला लागले तेव्हापासून माणसांनी यावर एक उपाय करून ठेवलाय. मराठेशाहीतल्या पत्रांवर पत्र पोचल्याची तारीख नोंदलेली आढळते, तिला पैवस्ती म्हणत. लिहिल्याची तारीख एक, पैवस्तीची दुसरी. दोन्ही जवळ असल्या की वाटेत किती दिवस गेले ते निघतं. काकांच्या शाखेत हेच रजिस्टरमध्ये व्हायचं. फाइलचा नंबर एकच राहायचा, पण प्रत्येक टेबलावर ती कधी आली, कधी गेली आणि कोणाकडून आली हे लिहिलं जायचं.

सॉफ्टवेअरमधली पद्धत याहून फार वेगळी नाही. रिक्वेस्ट पहिल्या दारात आली की तिला एक क्रमांक मिळतो, तो ट्रेस आयडी. पुढे ती ज्या ज्या सर्व्हिसकडे जाईल तिथे हा क्रमांक बरोबर जातो. एका ठिकाणी झालेल्या एका कामाची नोंद म्हणजे स्पॅन. त्यात काम सुरू कधी झालं, किती वेळ चाललं, स्पॅनचा स्वतःचा छोटा क्रमांक आणि ज्याच्या सांगण्यावरून ते काम झालं त्या स्पॅनचा क्रमांक एवढं असतं. शेवटच्या रकान्यामुळे नोंदींची वंशावळ जुळते. सगळे स्पॅन एका ठिकाणी गोळा करायचे, एका ट्रेस आयडीचे वेगळे काढायचे आणि बाप-लेकाच्या नात्यानं एकाखाली एक मांडायचे, की चित्र तयार. हा त्या रिक्वेस्टचा ट्रेस.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७मध्ये एक्स-ट्रेस नावानं ही कल्पना मांडली. २०१०मध्ये गूगलनं आपल्या डॅपर या यंत्रणेबद्दल लिहिलं आणि तिथून ती सगळीकडे गेली. ट्विटरनं झिपकिन हे आपलं असंच साधन २०१२मध्ये खुलं केलं, उबरनं येगर २०१७मध्ये. येगर म्हणजे जर्मनमध्ये शिकारी. क्रमांक पुढे कसा धाडायचा याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती, म्हणून २०२०मध्ये वेबचे सामाईक नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमनं त्याचा एक साचा ठरवून दिला: एकूण ५५ अक्षरांची ओळ. तिच्यात ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी, १६ अक्षरांचा मागच्या स्पॅनचा क्रमांक, आणि या रिक्वेस्टची नोंद ठेवली जातेय की नाही हे सांगणारी खूण.

आता चित्र. ते धबधब्यासारखं डावीकडून उजवीकडे उतरत जातं, म्हणून त्याला वॉटरफॉल म्हणतात. आडवा अक्ष वेळेचा. प्रत्येक ओळीवर एक पट्टी, म्हणजे एक स्पॅन. पट्टी जितकी लांब तितका वेळ. सगळ्यात वर पूर्ण रिक्वेस्टची पट्टी, तिच्याखाली जरा आत सरकवून तिची लेकरं, त्यांच्याखाली त्यांची.

दिवाळीआधीची एक रात्र मला चांगली आठवते. आमच्या एका ग्राहकाचं नमकीन दुकानदारांना घाऊक विकण्याचं ॲप होतं. मालाच्या यादीचं पान उघडायला सात सेकंदांच्या वर लागत होते आणि दुकानदार वैतागून फोनवरच ऑर्डर लिहून द्यायला लागले होते. चार टीम एका कॉलवर. साठ्याची टीम म्हणत होती, "आमची सर्व्हिस ६५ मिलिसेकंदांत उत्तर देते, हा ग्राफ बघा." (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) किमतीवाले म्हणत होते, "आम्ही ८० मिलिसेकंदांत." लॉगिनवाल्यांचं तर बोलायलाच नको, पाच मिलिसेकंद. सगळे खरं बोलत होते. आणि पान सात सेकंद घेत होतं.

एका रिक्वेस्टचा ट्रेस उघडला. वर लांबलचक पट्टी. तिच्याखाली लॉगिनची केसाएवढी रेघ. मग किमतीची बोटभर पट्टी. मग साठ्याची, ६५ मिलिसेकंदांची. ती जिथे संपली तिथून खालच्या ओळीवर पुन्हा साठ्याची पट्टी. ती संपली तिथून आणखी एक. मी पान खाली सरकवत गेले, सरकवत गेले, आणि पडद्यावर एक जिना उतरत राहिला, एकसारख्या पायऱ्यांचा. कॉलवर कोणीच बोलेना. पायऱ्या मोजल्या तर ११०. यादीत पदार्थही ११०: लौंग सेव, रतलामी सेव, खट्टा-मीठा असे सगळे.

पान लिहिणारा प्रोग्रॅम एकेका पदार्थासाठी साठ्याच्या सर्व्हिसला वेगळं विचारत होता. एकाचं उत्तर आलं की दुसऱ्याचं. ते पान पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आठच पदार्थ होते, त्यामुळे अर्ध्या सेकंदात काम होऊन जायचं आणि कोणाला खटकलं नाही. ११० पदार्थांचा साठा एकाच प्रश्नात विचारायची सोय केली, तेव्हा ते काम ९० मिलिसेकंदांवर आलं. जिना गेला, तिथे एक छोटी पट्टी राहिली.

या कामात नवीन येणाऱ्यांना मी सांगते, पट्ट्या कोणीही बघतो, तुम्ही कोरी जागा बघा. त्याच ॲपमध्ये पुढे एकदा ८०० मिलिसेकंदांची पट्टी दिसली. तिची सगळी लेकरं शेवटच्या २०० मिलिसेकंदांत उरकलेली. त्याआधीचे ६०० मिलिसेकंद रिकामे. प्रोग्रॅम काय करत होता? वाट बघत होता. डेटाबेसशी बोलायला त्याच्याकडे दहाच जोडण्या होत्या. दहाही अडकलेल्या असल्या की अकरावा दाराबाहेर उभा. वाट बघणं हे काम आहे असं कोणाला वाटलं नव्हतं, म्हणून त्याचा स्पॅनही कोणी लिहिला नव्हता. जे मोजायचं कोणाला तरी सुचलं, तेवढंच चित्रात उमटतं.

पट्ट्या कधीकधी खोटंही बोलतात, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. प्रत्येक मशिनला आपलं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. इंदूर पुण्याच्या दोन अंश पूर्वेला आहे, म्हणून इथे सूर्य आठ मिनिटं आधी माथ्यावर येतो. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू होण्याआधीचा काळ डोळ्यांपुढे आणा. दोन्ही शहरांत घड्याळं आपापल्या सूर्याप्रमाणे लावलेली आहेत असं धरा. इंदुरात बाराला तार केली आणि ती तीन मिनिटांत पुण्याला पोचली, तर तिथल्या घड्याळात तेव्हा ११ वाजून ५५ मिनिटं झालेली असतील. तार निघण्याआधीच पोचली! मशिनींच्या घड्याळांत फरक मिनिटांचा नसतो, काही मिलिसेकंदांचा असतो. पण आपण मोजतोय त्या गोष्टीही मिलिसेकंदांच्याच, त्यामुळे चित्रात लेकराची पट्टी बापाच्या आधी सुरू झालेली दिसू शकते.

यावरचा विचार संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८मध्ये मांडून ठेवलाय. घड्याळ काहीही म्हणो, निरोप पाठवणं हे निरोप मिळण्याच्या आधीच घडतं. एवढ्या एका खात्रीवर घटनांचा क्रम लावता येतो. ट्रेसमधलं बाप-लेकाचं नातं म्हणजे तीच खात्री. म्हणून येगरसारखी साधनं अशी निसटलेली पट्टी सरकवून जागेवर बसवू शकतात. एकाच मशिनवरची लांबी मी निर्धास्तपणे वाचते, कारण तिची दोन्ही टोकं एकाच घड्याळावर मोजलेली असतात. दोन मशिनींमधलं अंतर जपूनच वाचावं.

एकामागून एक विचारण्याऐवजी सगळ्यांना एकदमच विचारलं तर? पट्ट्या मग जिन्यासारख्या न दिसता एकाखाली एक, एकाच रेषेत सुरू झालेल्या दिसतात. वेळ वाचतो, पण इथे पंगतीचा नियम लागतो. शेवटच्या पानावर वरण-भात आणि तूप पडेपर्यंत श्लोक होत नाही. एकोणपन्नास पानं वाढून झाली तरी पन्नासाव्यासाठी सगळे थांबतात. समजा, एखादी सर्व्हिस १००पैकी एकदाच रेंगाळते. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. पण एका रिक्वेस्टसाठी अशा १०० जणींना विचारावं लागत असेल, तर त्यांतली एखादी तरी रेंगाळण्याची शक्यता ६३ टक्के होते. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३मध्ये हे गणित दाखवलं. सरासरीचा ग्राफ बघून हे कधीच लक्षात येत नाही. ट्रेसमध्ये मात्र ती एक लांब पट्टी बाकीच्यांच्या पुढे आलेली लगेच दिसते.

हजारो ट्रेस एकत्र करून नकाशाही काढता येतो: प्रत्येक सर्व्हिसला एक वर्तुळ आणि कोण कोणाला विचारतं त्याचे बाण. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर हे नकाशे फार देखणे दिसतात. शंभराच्या वर वर्तुळं गेली की लोकरीचा गुंता होतो आणि त्यातून मला तरी काही वाचता येत नाही. एक उपयोग मात्र खरा: आपल्याला ठाऊक नसलेला बाण. बंद करायला काढलेल्या सर्व्हिसला अजून कोणीतरी विचारतंय, हे नकाशाच सांगतो.

सगळं जपून ठेवणं परवडत नाही. डॅपर पहिल्यांदा कामाला लागलं तेव्हा गूगल सरासरी १,०२४ रिक्वेस्टमधून एकीचाच माग ठेवत असे. मोठ्या वाहतुकीत तेवढं पुरतं, कारण वारंवार होणारी चूक त्यातही सापडतेच. पण रतलामच्या एका दुकानदाराची एकच ऑर्डर अडली असेल, तर ती नेमकी न ठेवलेल्या १,०२३मध्ये जाते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी रिक्वेस्ट पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि मग ठरवतात. जी चुकली किंवा फार वेळ खाल्ला ती ठेवायची, सुरळीत झालेल्यांतल्या थोड्या ठेवायच्या. आम्हीही तेच करतो.

सगळ्यात नाजूक गोष्ट तो क्रमांकच. वाटेत एकानं जरी तो पुढे दिला नाही, तरी ट्रेस तिथे तुटतो आणि पुढचं काम अनाथ होऊन वेगळ्याच क्रमांकाखाली पडतं. आमच्याकडे हे एसएमएसच्या रांगेत झालं. ऑर्डर पक्की झाली की एक निरोप रांगेत टाकला जायचा आणि दुसरा प्रोग्रॅम सवडीनं तो उचलायचा. रांगेत टाकताना क्रमांक गळत होता. ऑर्डरचा ट्रेस व्यवस्थित संपलेला दिसे, एसएमएसचा वेगळा ट्रेस कुठेतरी सुरू होई, आणि मधली चाळीस मिनिटं कोणाच्याच चित्रात नसत. दुकानदार मात्र एसएमएसची वाट बघत बसलेला. निरोपाच्या पाकिटावर ती ५५ अक्षरं लिहायला लागलो, तेव्हा दोन्ही तुकडे जुळले.

आता काही चुकलं की ॲपच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत ट्रेस आयडी येतो, शेजारी कॉपी करायचं बटण. दुकानदार तो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि आम्ही त्याची नेमकी तीच रिक्वेस्ट उघडतो.

परवा काका घरी आले होते, त्यांना लॅपटॉपवर असा एक ट्रेस दाखवला. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत बसले. प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून कोणाची ते विचारलं. मग किमतीची पट्टी आणि पेमेंटची पट्टी यांच्या मधे त्यांचं बोट थांबलं.

"आणि ही रिकामी जागा कोणाच्या टेबलावरची?"

२१० मिलिसेकंद होते. तिथे आम्ही अजून स्पॅन लावलेला नाही.